सुट्टी कुणाला मिळाली? लालबाग-गिरगाव ते महाबळेश्वर



बचत गटाच्या बैठकीत सहलीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं, "घामाचे पैसे फिरण्यात घालवायचे का?" विचारणारी चूक नसते. आपल्या लालबाग-परळच्या गटांत कुणी पोळीभाजी करून देते, कुणी डबे भरते, कुणी चार घरची धुणीभांडी करते. शंभर शंभर रुपये बाजूला पडतात ते मुलांच्या फीसाठी, आजारपणासाठी. त्यातून थंड हवेच्या ठिकाणी जायचं म्हणजे चैनच वाटते. आमच्या गटात हा वाद दोन बैठका चालला. तेव्हा आम्ही ठरवलं की आधी हे तरी बघू, सुट्टी आणि सहल या गोष्टी आपल्या भागात आल्या कशा, आणि कुणाच्या वाट्याला आल्या. त्यातून जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगतो.

पूर्वी बाईला घराबाहेर पडायला एकच कारण चालायचं, ते म्हणजे देव. पंढरपूर, जेजुरी, नाशिक, नाहीतर क्षेत्र महाबळेश्वर. तिथे कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. गुरू कन्या राशीत आला की बारा वर्षांनी कन्यागत येतं आणि कृष्णाकाठी स्नानाला गर्दी लोटते. यात्रेला जायचं म्हणजे शिधा बांधून घ्यायचा, तीन दगडांची चूल मांडायची आणि साऱ्या बिऱ्हाडाचं रांधायचं. डोंगर दिसायचा, नदी दिसायची, चार बायका भेटायच्या, पण हातातला चमचा काही सुटायचा नाही.

नुसती हवा खायला डोंगरावर जायची रीत आणली साहेबांनी. १८२४ साली लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी महाबळेश्वरच्या पठारावर चढून गेला. १८२८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम तिथे गेला आणि त्याला ती जागा आजारी गोऱ्या शिपायांसाठी योग्य वाटली. १८२९ साली साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार होऊन इंग्रजांनी ही जागा घेतली आणि बदल्यात वाईजवळचं खंडाळा दिलं. बाजारपेठेला नाव पडलं माल्कमपेठ. पुढे उन्हाळ्यात मुंबई सरकारचा मोठा कारभारच तिथून चालायचा.

साहेब तिथे पालखीत बसून यायचे आणि पालखी उचलणारे खांदे असायचे आपल्या माणसांचे. तिथे एक तुरुंगही होता. त्यात चिनी आणि मलायी कैदी ठेवले होते. रस्त्याच्या कामाला तेच, बटाटे आणि विलायती भाज्या पिकवायलाही तेच. आज आपण महाबळेश्वरचं गाजर-मुळा कौतुकाने घेतो, त्या भाजीच्या वाफ्यांची सुरुवात कैद्यांच्या हातची आहे. पाचगणी त्यानंतरची. जॉन चेसन नावाच्या गोऱ्याने दांडेघर, गोडवली, अमराळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांच्या मधल्या पठारावर ती वसवली.

मुंबईहून तिथे पोचणं सोपं नव्हतं. एक वाट समुद्राची. बोटीने सावित्रीच्या खाडीत दासगावला उतरायचं आणि महाड-पोलादपूरवरून घाट चढायचा. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे पुण्याला गेली, तेव्हा देशावरची वाट सोयीची झाली. आणखी काही वर्षांनी वाठार स्टेशनला उतरून वाईवरून टांग्याने, नंतर मोटारीने लोक जाऊ लागले. मुंबईतले शेटजी, बॅरिस्टर, सरकारी हुद्देदार बंगले घेऊन दोन दोन महिने राहायचे. गिरगावातल्या सुखवस्तू घरांना माथेरान जवळचं. तिथे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट गेला आणि १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने छोटी रेल्वे नेली. 'हवापालट' हा शब्द तेव्हापासून घराघरांत रुजला. बाळंतपणानंतर, टायफॉइडनंतर डॉक्टर सांगायचे, महिनाभर हवापालट करा.

आता इकडे लालबाग-परळकडे या. १९११ च्या शिरगणतीत मुंबईतली दोनतृतीयांश वस्ती एका खोलीत राहणारी निघाली. एक खोली, त्यात मोरी, चूल आणि आठ-दहा माणसं. गिरणीत कापसाचे तंतू छातीत जायचे, चाळीत धूर जायचा. क्षयाचा आजार घरोघरी. त्याच सुमारास, १९१२ साली, पाचगणीला डॉक्टर रुस्तमजी बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम काढलं. डोंगरावर चांगली हवा होती, उपचार होता. पण रोजावर काम करणाऱ्या माणसाला महिनाभर तिथे पडून राहणं कसं जमावं? ज्याला हवेची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच रजा नव्हती.

रजा सोडा, साधा रविवार नव्हता. तो कुणी मिळवून दिला हे आपल्या भागातल्या प्रत्येक मुलीला माहीत असायला हवं. नारायण मेघाजी लोखंडे, महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक. १८८४ च्या सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत त्यांनी गिरणी कामगारांची सभा घेतली. मागण्या बघा किती साध्या होत्या. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार वेळेवर आणि कामावर इजा झाली तर भरपाई. साडेपाच हजार कामगारांनी अर्जावर सह्या-अंगठे केले. मालकांनी काही लगेच ऐकलं नाही. सहा वर्षांनी, २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन बाया उभं राहून बोलल्या. विचार करा, १८९० साल, दहा हजारांचा जमाव, समोर दोन कामगार बायका, आणि त्या मागतायत काय, तर सुट्टी. १० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी कारखान्यांच्या कायद्यातही आठवड्याची सुट्टी आली आणि बायकांचे कामाचे तास अकरावर आणले गेले.

आज आपण रविवार म्हणजे आभाळातून पडल्यासारखा धरतो. तो परळच्या मैदानात मागून घेतलेला आहे.

पण रविवारी गिरणी बंद असली तरी खोलीतली चूल चालूच होती. पुरुष भजनाला जायचे, आखाड्यात जायचे, गावकीच्या बैठकीला बसायचे. बाईच्या रविवारात आठवड्याचे कपडे, पोरांची नहाणी, दळण आणि निवडण. फार झालं तर संध्याकाळी पोरांना घेऊन चौपाटी, नाहीतर भायखळ्याची राणीची बाग. ही बाग १८६२ ची, आणि गिरणगावातल्या कितीतरी बायकांची आयुष्यभराची सहल तेवढीच.

१९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती. रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत तर बायाच बाया. १९२९ साली मुंबई प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा झाला. बाईसाठी म्हणून झालेली ही पहिली रजा, मोठीच गोष्ट. पण मालकांनी काय हिशेब केला? रात्रपाळीला बाई घेता येत नाही, बाळंतपणाचे पैसे द्यावे लागतात, त्यापेक्षा बाई नकोच. नवी यंत्रं आली, खाती कमी झाली आणि बायका हळूहळू गिरणीबाहेर गेल्या. हक्काची रजा हातात आली आणि नोकरी हातातून गेली.

पगारी रजा आली ती १९४५ च्या दुरुस्तीने, आणि पक्की झाली १९४८ च्या कारखाने कायद्याने. वर्षात २४० दिवस भरले तर दर वीस दिवसांमागे एक दिवस रजा. बदली कामगाराचे २४० दिवस भरता भरायचे नाहीत, ही गोष्ट वेगळी. ज्यांचे भरायचे ते ही रजा घेऊन कुठे जायचे? गावी. कोकणातले भाऊच्या धक्क्यावरून बोटीने, घाटावरचे गाडीने. मे महिन्यात घर शाकारायचं, लग्नं उरकायची, पाऊस पडला की पेरणीला हात लावायचा. सातारा जिल्ह्यातल्या जावळी, पाटण, महाबळेश्वर भागातून किती माणसं इथे गिरणीत आणि गोदीत आली. एकेका गावाची इथे एकेक खोली, तीत पंचवीस-तीस गडी पाळीपाळीने झोपायचे. त्यांच्या बायका तिकडे डोंगरावर नाचणी-वरी पिकवत राहिल्या. गंमत बघा, बंगल्यातले शेटजी ज्या डोंगरावर विसाव्याला जात होते, त्याच डोंगराच्या दऱ्यांतली माणसं पोटासाठी लालबागला येत होती. घाट एकच, एकाची वाट वर, दुसऱ्याची खाली.

त्या गड्यांना दोन वेळ जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या आपल्याच चाळींतल्या. त्यांच्यासाठी १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आपल्या आजच्या बचत गटांची ती थोरली बहीण म्हणा. खाणावळवालीला सुट्टी कधी? गडी गावी गेले की. म्हणजे तिची सुट्टी दुसऱ्याच्या रजेवर अवलंबून.

मग आली १९८२ ची १८ जानेवारी. डॉक्टर दत्ता सामंतांच्या पुढारपणाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. कित्येक कुटुंबं तात्पुरती म्हणून गावी गेली. ती सुट्टी काही संपलीच नाही. त्या काळात घर कुणी चालवलं? बायकांनीच. कुणी पापड लाटले, कुणी कपडे शिवले, कुणी दादर-शिवाजी पार्कच्या घरांत स्वयंपाकाला गेल्या. आपल्यातल्या अनेकींच्या आया आणि सासवा त्याच.

दादर-गिरगावातल्या नोकरदार घरांची गोष्ट थोडी बरी. १९४८ साली एसटी सुरू झाली आणि घाटरस्ते सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. केंद्र सरकारच्या नोकरांना १९५६ पासून प्रवासाची सवलत मिळाली. महाबळेश्वर, माथेरान, लोणावळ्याला खोली घेऊन आठ दिवस राहायचं, ही पद्धत पडली. पण सामानात काय असायचं? वातींचा स्टो, कुकर, तांदूळ, डाळ, लोणच्याची बरणी. सूर्यास्त बघायला सगळे पॉइंटवर, आणि आई मागे खोलीत, का तर आल्यावर सगळ्यांना भूक लागेल. पुढे जेवणखाणासह नेणाऱ्या मराठी यात्रा कंपन्या आल्या. दादर-माहीम भागातली केसरी टूर्स १९८४ ची. अशा कंपन्यांनी पुढे फक्त बायकांच्याही सहली काढल्या आणि त्या भरभरून गेल्या. घाटात, परदेशात बायका एकट्या हिंडल्या, हे चांगलंच झालं. मात्र तिकीट ज्यांना परवडलं त्यांचंच झालं.

आज काय आहे? सरकारच्या २०१९ च्या पाहणीत देशातल्या बायकांचा घरकामाचा वेळ मोजला. घरकाम करणाऱ्या बाईची तेव्हा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषाची ९७. म्हणजे आपली पाच तासांची पाळी, रविवारसकट. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ साली कायदा झाला, मंडळ झालं. तरी आठवड्याची सुट्टी अजून मालकिणीच्या मनावर. आमच्या गटातल्या एका ताईने तर सांगितलं, "मला सुट्टी मिळते ती त्या गावाला गेल्या की." खाणावळवालीचीच गोष्ट, पन्नास वर्षांनी.

हे सगळं बैठकीत मांडल्यावर वादाचा सूर बदलला. "जायचं का?" याऐवजी "कसं जायचं?" असं बोलणं सुरू झालं. बचतीला आणि कर्जफेडीला हात लावायचा नाही, हे पहिलं ठरलं. सहलीसाठी वेगळी वही आणि महिन्याला शंभर रुपये. दीड वर्षात माणशी अठराशे जमले. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तोही मोठा आधार. नवरे, मुलं, सासवा सगळ्यांना न्यायचं, पण एक नियम घातला. तीन रात्री आपल्यातली एकही बाई चुलीजवळ जाणार नाही आणि पुरुषांना चहा हवा तर त्यांनी स्वतः मागून आणायचा. जेवण तिथल्याच बायकांच्या गटाकडून पैसे देऊन घ्यायचं, भावात घासाघीस करायची नाही.

जानेवारीच्या अखेरीला आम्ही वाईवरून पसरणीचा घाट चढून गेलो. भिलारच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या घरी उतरलो. पहिल्या पहाटे पाच वाजता आमच्यातल्या सहाजणी जाग्या. सवयच ती. अंगणात शाली पांघरून बसल्या आणि एकमेकींकडे बघून हसायला लागल्या, काय करायचं कुणालाच सुचेना. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ येत होती. सूर्य वर आला तसं खालच्या दरीतलं धुकं हळूहळू उठलं, धोम धरणाचं पाणी दिसलं. दोन तास कुणी उठलं नाही.

टॅक्सीवाले दादा म्हणाले, एका दिवसात सगळे पॉइंट दाखवतो. आम्ही म्हटलं, नको, दिवसाला एकच दाखवा. एक दिवस पाचगणीचं टेबललँड, पोरं दमेपर्यंत पळाली. एक दिवस क्षेत्र महाबळेश्वर, पंचगंगेच्या गोमुखाचं पाणी हातात घेतलं. एक दिवस भिलार. हे गाव २०१७ च्या मे महिन्यात पुस्तकांचं गाव झालं. घरांच्या पडवीत, देवळात कपाटं आहेत, कुणीही बसावं, वाचावं. आमच्या एका मावशींनी सातवीनंतर पुस्तक हातात धरलं नव्हतं. त्या दुपारभर ओसरीवर वाचत बसल्या, जेवायला हाक मारली तर म्हणाल्या, "एवढं पान होऊ दे."

आमच्याबरोबर सत्तरीच्या एक आजी होत्या. त्यांचं माहेर जावळी भागातल्या दरीतलं, नवरा लालबागच्या गिरणीत. लहानपणी त्या आईबरोबर डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन डोंगर चढून महाबळेश्वरच्या बाजारात यायच्या. मोळी विकायची, मीठ-तेल घ्यायचं, अंधाराच्या आत खाली उतरायचं. मुंबई पॉइंटवर आम्ही सूर्यास्ताला गेलो तेव्हा त्या कठड्याशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हा रस्ता मला पाठ आहे गं, पण इथं थांबले नव्हते कधी. थांबलं तर परतायला उशीर व्हायचा." सूर्य पश्चिमेच्या डोंगरांत गेला तरी त्या तिथेच होत्या. त्यांच्या सुनेने त्यांना बाकावर बसवलं आणि आम्ही सगळ्याच बसलो. गाडीवाले दादाही थांबले.

शेवटच्या दिवशी शेत बघितलं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पावसाळा सरला की रोपं लावतात, गादीवाफ्यावर प्लॅस्टिकचा कागद, ठिबकचं पाणी, आणि थंडीत फळ सुरू झालं की उन्हाळ्यापर्यंत तोडणी. ऊन चढलं की फळ मऊ पडतं, म्हणून बायका अगदी सकाळी वाफ्यात उतरतात. वाकून वाकून एकेक फळ देठासकट खुडायचं, प्रत लावायची, डबे भरायचे. आम्ही विचारलं, हंगामात सुट्टी कधी? एक जण म्हणाली, "ताई, फळ पिकायचं थांबतं का?" मग तिने आम्हाला विचारलं, "मुंबईत राणीची बाग अजून आहे का? मला पोरांना दाखवायची आहे." आम्ही तिला आणि तिच्या गटाला लालबागला बोलावलं आहे. पाऊस लागला की शेतातलं काम थोडं सैल होतं, तेव्हा त्या येणार. त्यांची राहायची सोय आमच्या घरांत, आणि नियम तोच. त्यांनी चुलीजवळ जायचं नाही.

परत आल्यावर पुढच्या बैठकीत हिशेब वाचला. पैसे लागले, ते काही कमी नव्हते. पण ज्या ताईने "घामाचे पैसे" म्हणून सुरुवातीला विरोध केला होता, तिनेच नवी वही सुरू करायचा ठराव मांडला. त्याबरोबर दोन कामंही ठरली. गटातल्या घरेलू कामगार बायांनी आपल्या कामाच्या घरी आठवड्याची एक सुट्टी एकीने मागायची. आणि महिन्यातला एक रविवार घरातलं रांधणं बाकीच्यांकडे सोपवायचं. पहिल्या महिन्यात नऊ घरी सुट्टी मान्य झाली, चार घरी अजून बोलणी चालू आहेत. रविवारच्या स्वयंपाकाचं म्हणाल तर खिचडी जरा करपली, पण सगळ्यांनी खाल्ली.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात सहलीचा विषय निघेल तेव्हा सुपारीबागेची ती सभा आणि रेसकोर्सवर बोललेल्या त्या दोन बाया जरूर सांगा. आठवड्याची सुट्टी त्यांनी मागितली म्हणून मिळाली. घरातली सुट्टी अजून कुठल्या कायद्याने दिलेली नाही, ती आपल्यालाच एकमेकींसाठी मागायची आहे. वेगळी वही घाला, शंभर नाही तर पन्नास टाका. महाबळेश्वर नसेल जमत तर राणीच्या बागेपासून सुरुवात करा. मात्र डबा घरून करून नेऊ नका.